काचेच्या कपाटाचा गुन्हा

आदरणीय व्याहीबुवा यांस,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण कंबर लचकली आहे, तेव्हा उभ्याउभ्या जेवढं वाकता येतं तेवढ्यावर भागवून घ्यावं. (कंबर का लचकली ते पुढे येईलच. त्यात आपलाच हात आहे.) आपली प्रकृती उत्तम असणार याबद्दल मला शंका नाही. आठ पानांचं पत्र, तेही पाठपोट आणि एकही खाडाखोड न करता, लिहिणाऱ्या माणसाची प्रकृती उत्तमच असते. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा खराखुरा नमस्कार सांगा, त्यांच्यावर माझा राग नाही. सूनबाईला आशीर्वाद. आमच्या चिरंजीवांना काही सांगू नका. ते हल्ली कामावरून सुटले की परस्पर आपल्याकडे जेवतात आणि झोपण्यापुरते इथे येतात, म्हणजे आमच्या घराचं लॉज झालं आहे आणि मी आणि माझी बायको त्याचे मॅनेजर. भिंगरीला काय सांगायचं ते मी शेवटी लिहितो. आत्ता नातीचं नाव काढलं की राग उतरतो, आणि मला तो पत्र संपेपर्यंत टिकवायचा आहे.

तर आपलं पत्र पोचलं. मास्तर, आपण उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलंत हे मला ठाऊक आहे. सोयरीक जुळली तेव्हा त्याचा मला अभिमानही वाटला होता. पण निवृत्त झाल्यावर माणसाला वर्ग मिळत नाही म्हणून त्याने व्याह्यालाच पहिल्या बाकावर बसवावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आपल्या पत्रातून मला असं ज्ञान मिळालं की झुरळ मोरीच्या जाळीतून वर येतं, येताना पायांच्या काट्यांत गटारातली सगळी घाण घेऊन येतं, मग ताटावरून, पोळपाटावरून, पोराच्या पेल्यावरून सावकाश हिंडतं, आणि जिथे खातं तिथेच घाण करतं. आणि त्यातून जुलाब, उलट्या, विषमज्वर असे पाहुणे घरात येतात. माशीला म्हणे चावता येत नाही, म्हणून ती आधी अन्नावर ओकते आणि मग तेच चाटते. (हे वाक्य मी जेवताना वाचलं. आपण वर सूचना लिहायला हवी होती.) उंदीर चालता चालता मुततो आणि त्यातूनही ताप येतो. डास भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आता आमच्याकडे ना उंदीर, ना डास; पण आपण त्यांनाही घेतलंत, धडा अपुरा राहायला नको म्हणून. आणि शेवटी तर आपण चक्क स्वाध्याय दिला आहे. ‘आपल्या घरात कीटक नेमके कुठून येतात, याचा शांतपणे विचार करावा.’ खाली दोन रेघा.

शांतपणे करता आला नाही. पण विचार केला आहे आणि उत्तरही सापडलं आहे. ते आपल्याला आवडणार नाही.

आधी त्या दिवसाचं बोलू. भिंगरी आजारी पडली तेव्हा आपण नव्हतात, मी होतो. सकाळी पोरगी चांगली खेळत होती, दुपारी उलट्या, संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी होऊन गेलं तिचं. चार वर्षांचा जीव, त्यात असतं किती पाणी? मी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं तेव्हा ती इतकी हलकी लागत होती की मी वाटेत दोनदा थांबून ती आहे ना ते पाहिलं. सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, अन्नातून काहीतरी गेलंय. मी विचारलं काय, तर म्हणाले ते सांगता येत नाही, पण घरात माश्या-झुरळं असतील तर बघा. आणि भिंगरीने डोळे उघडून त्या सलाइनच्या नळीकडे पाहिलं आणि मला विचारलं की आजोबा, स्क्रू ड्रायव्हर आणलाय का, ही वायर सैल झालीय. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आपल्याला का सांगतो आहे कोण जाणे.

पोरगी बरी होऊन घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी आपण तिला पाहायला आलात. स्वयंपाकघरात बसलात, चहा घेतलात. आणि त्याच क्षणी (माझ्या आयुष्यात वस्तू बरोबर त्याच क्षणी बिघडतात, गिऱ्हाइकासमोर) एक झुरळ ओट्यावरून आलं आणि भिंगरीच्या दुधाच्या पेल्याच्या काठावर चढून उभं राहिलं. मिशा हलवत. आपण ओरडला असतात तर मी समजू शकलो असतो. पण आपण चष्मा काढलात, धोतराच्या सोग्यासारखा शर्टाचा कोपरा ओढून पुसलात, पुन्हा घातलात आणि ते झुरळ समोर ठेवून आम्हाला त्याचे अवयव समजावून सांगितलेत. आपलं व्याख्यान संपेपर्यंत आतल्या खोलीत सूनबाईची बॅग भरून झाली होती. जाताना दारात आपण म्हणालात की घरात एकही झुरळ उरलेलं नाही हे मी स्वतः टॉर्च घेऊन पाहीन, तेव्हाच नात परत येईल. माझ्याच दारात, मास्तर. चप्पल घालता घालता.

आता माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्या पत्राच्या सहाव्या पानावर आपण ‘आपला अव्यवस्थित व्यवसाय’ असं लिहिलं आहे. माझा व्यवसाय अव्यवस्थित नाही. लाँड्री आणि वह्या-पेनांचं दुकान यांच्यामधल्या बोळात माझं दुकान आहे. त्यात मी बसतो तेव्हा गिऱ्हाइकाला उभं राहावं लागतं, एवढंच. लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, टोस्टर, जुने रेडिओ, भिंतीवरची घड्याळं, जे काही बंद पडतं ते माझ्याकडे येतं. आणि माझ्या कामाची एक पद्धत आहे, ती माझ्या उस्तादांनी घालून दिली. आजारी यंत्र दुकानात लगेच उघडायचं नाही. आधी ते घरी न्यायचं, आपण जिथे चहा पितो तिथे ठेवायचं, आणि गल्ली जागी व्हायच्या आत, सगळं सामसूम असताना, चालू करून नुसतं ऐकायचं. दुकानात रहदारीच्या आवाजात यंत्र खरं बोलत नाही. म्हणून आमच्या स्वयंपाकघरातली चुलीवरची फळी कायम पेशंटांनी भरलेली असते. कोरडी जागा, उबदार, हाताशी. इतकी वर्षं याच पद्धतीवर चूल पेटते आहे. यात अव्यवस्थित काय आहे ते मला समजावून सांगा. (नका सांगू.)

आणि ऐकायला मी एकटा नसे. भिंगरी त्या वेळी उठून यायची, पांघरुणासकट. स्टुलावर चढून यंत्राला कान लावायची आणि निदान सांगायची. तिला दोनच रोग माहीत. एक, याचा घसा बसलाय. दोन, याला भूक लागलीय. बहुतेक वेळा भूकच. आम्ही हसायचो. ती मात्र हसायची नाही, आजाऱ्यासमोर हसू नये म्हणायची. तिच्या हातात सकाळचं बिस्कीट असायचं आणि ते ती यंत्राशी गप्पा मारत खायची. हे मी का लिहिलं? आपण आठ पानांत तिचं वजन, तिचं जेवण, तिची झोप सगळं लिहिलंत, पण ती सकाळी उठून काय करते ते लिहिलं नाहीत, म्हणून. आपल्या घरी बंद पडलेलं काहीच नसेल.

आता स्वाध्यायाचं उत्तर. झुरळं आमच्या घरात आली ती आपण मुलीच्या लग्नात दिलेल्या काचेच्या कपाटातून.

चमकू नका, पूर्ण ऐका. ते कपाट येण्यापूर्वी आमच्या घरात झुरळ नव्हतं. (मला आठवत नाही, म्हणजे नसणार.) ते आपल्या घरात आपल्या वडिलांच्या काळापासून होतं, म्हणजे त्याच्या फटीफटीत किती पिढ्या नांदल्या असतील त्याचा हिशोब आपणच करा. शिवाय ते इतकं अवजड आहे की भिंतीपासून हलवता येत नाही, त्यामुळे त्याच्या मागे काय चालतं हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. दर्शनी काच, आत कपबशा, आणि मागे कारस्थान. मला पहिल्या दिवसापासून त्या कपाटाचा चेहरा आवडला नव्हता. पण मुलाच्या सासऱ्याने दिलेली वस्तू, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसण्याचं फळ मिळालं.

आपण भिंगरीला घेऊन गेलात त्याच दुपारी मी युद्ध पुकारलं. विजेचं काम करणारा माणूस झुरळाला चपलेने का मारील? मी एका ताटलीच्या काठावर दोन तारा बसवल्या, मध्ये साखर ठेवली, आणि ताटली कपाटासमोर मांडली. झुरळाने एक पाय या तारेवर आणि एक पाय त्या तारेवर ठेवला की खेळ खलास, अशी योजना. पहिलं गिऱ्हाईक आलं तेही मोठ्या ऐटीत आलं. त्याने तारा ओलांडल्या, साखर खाल्ली आणि परत गेलं, कारण त्याचे पाय माझ्या अंदाजापेक्षा आखूड होते. मग मी तारा जवळ आणल्या. जरा जास्तच जवळ आणल्या. ठिणगी उडाली, साखर जळून कोळसा झाली आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं मशीन भरधाव चालू होतं, ते अर्ध्या बाहीवर थांबलं. त्या खाली आल्या आणि जिन्यात उभ्या राहून मला जे बोलल्या त्यातलं काहीच इथे लिहिण्यासारखं नाही. फ्यूज घालायला मीच गेलो. अंधारात पायाखालून काहीतरी पळालं. मला खात्री आहे ते हसत होतं.

त्यानंतर मी हार मानून औषध फवारणाऱ्याला बोलावलं. पाठीवर टाकी, तोंडाला फडकं, हातात नळी, असा वीर दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं आता निकाल लागला. आम्ही भांडी काढली, डबे काढले, गाद्या काढल्या, सगळा संसार जिन्यात मांडला आणि शिवणवाल्या बाईंची वाट अडवली. (त्यांच्याशी आता आमचं बोलणं नाही.) माझी यंत्रं मी स्वतः चादरीत गुंडाळून बाहेर नेली आणि फवारणाऱ्याला बजावलं की त्यांच्यावर थेंबही पडता कामा नये, ते माझे पेशंट आहेत. त्याने मान डोलावली, स्वयंपाकघरात गेला, मोरीची जाळी उचलली, आणि दुसऱ्या क्षणाला तो टाकीसकट माझ्या ओट्यावर उभा होता. झुरळांना भितो. मास्तर, झुरळं मारणारा माणूस झुरळांना भितो. मी विचारलं की बाबा मग हा धंदा का धरलास, तर म्हणाला मामाचा आहे, आधी भिंतीला सफेदी करायचो. शेवटी तो ओट्यावरूनच नळी धरून फवारायचा आणि मी खाली उभा राहून सांगायचो की कुठे आहे आणि किती मोठं आहे. निघताना त्याने एकच शहाणपणाची गोष्ट सांगितली. कपाटाकडे पाहून म्हणाला, जुनं लाकूड आहे, इथूनच येत असतील. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो.

दुपारभर मी आणि बायको बागेतल्या बाकावर बसून राहिलो. परत आलो तर स्वयंपाकघरभर झुरळं उताणी पडलेली, पाय आकाशाकडे. मी केरसुणी घेऊन एकेकाला शिव्या देत गोळा केलं. हा पेल्यावरचा, हा साखरेवाला. मग फरशी फिनाइलने पुसली, भांडी उकळत्या पाण्यातून काढली, आणि सगळा संसार होता तसा पुन्हा लावला. पेशंटही पुन्हा फळीवर. त्या दिवशी मी आपल्याला विजयाचं पत्र लिहायला घेतलं होतं. बरं झालं पोस्टात टाकलं नाही.

कारण दोनच दिवसांनी, सकाळी मी चहाला बसलो, तर बायकोने कपाशेजारी एक काचेचा ग्लास पालथा घालून ठेवला होता आणि त्याच्या आत एक झुरळ. धडधाकट, तरुण, फिरतंय गोल गोल. आमच्या घरात ती रागावली की भांडी आपटत नाही, तिचं बोलणं बंद होतं आणि वस्तू माझ्यासमोर मांडल्या जातात. तिने एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा फळीवरच्या टोस्टरकडे पाहिलं, आणि भाजी निवडायला बसली. टोस्टरकडे का पाहिलं ते मला कळलं नाही. मी सरळ उठून कपाटाला भिडलो.

माझी कंबर तेव्हाची आहे. कपबशा काढल्या, खांदा लावला, आणि ते आपल्या तीर्थरूपांच्या काळचं, आमच्याकडे आल्यापासून न हललेलं कपाट हातभर पुढे ओढलं. मागे काय असावं? काही नाही. एक डांबराची गोळी, एक आपल्या काळातलं जुनं बटण, आणि माझा हरवलेला छोटा पाना. मग मी त्याची पाठ उघडली, फळ्या उपसल्या, फटींतून टॉर्च मारला. लाकूड असं चकचकीत की तोंड पाहून घ्यावं. याचा मला जो संताप आला तो सांगता येत नाही. एवढं निष्पाप असण्याचं सोंग कोणतंही साधं कपाट करत नाही. फळ्या परत बसवल्या. दार मात्र आता लागत नाही, त्याला दोरी बांधली आहे.

असो. तर आपल्याला कळवायचं ते असं, की कपाटाची अशी झडती घेतल्यापासून घरात एकही झुरळ दिसलेलं नाही. फळीवर नाही, मोरीत नाही, डब्यांमागे नाही. रोज उठून मी टॉर्च मारून पाहतो. ज्याने त्याने आपापला टॉर्च वापरावा असं माझं मत आहे. (यंत्रं मी हल्ली दुकानातच ठेवतो. त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.) तेव्हा गुन्हेगार कोण ते सिद्ध झालं. आपल्या स्वाध्यायाचं उत्तर आपल्याच कपाटात होतं. मला आपल्याकडून माफी नको, मार्कही नकोत.

पण एक विचारतो. हे घर आता स्वच्छ आहे म्हणजे इतकं स्वच्छ आहे की त्यात राहवत नाही. सकाळी स्टूल जागच्या जागी असतं. पांघरूण जमिनीवरून ओढत आणणारं कोणी नाही. काल मी चुकून दोन पेल्यांत दूध ओतलं आणि मग तो दुसरा पेला बायकोने प्यायला, तिला दूध आवडत नाही तरी. हे सगळं एका झुरळापायी, आणि एका माणसाच्या चप्पल घालता घालता बोललेल्या वाक्यापायी. मला त्या वाक्याचा राग अजून आहे आणि राहील. पुढच्या सुट्टीच्या दिवशी टॉर्च घेऊन या आणि हवं तिथे हवं तेवढं वाका. येताना एकटे येऊ नका.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि आपल्याला काय ते आपण ठरवा.

आपला (नाइलाजाने का होईना, पण जन्माचा) व्याही

ता. क. विहीणबाई आणि व्याहीबुवा, हे पाकिटाला डिंक आणायला गेले आहेत तेवढ्यात दोन ओळी लिहिते. आमचं अक्षर वाईट आहे, समजून घ्या. वरचं सगळं मी वाचलं. झुरळं कपाटातून येत नव्हती हो. लोकांच्या घरचे मिक्सर आणि रेडिओ हे उचलून आणतात, त्यांच्या पोटात बसून येत होती. बेकरीवाल्याचा मिक्सर आला त्या दिवशी तर वरातच उतरली होती. मी आजवर किती वेळा सांगितलं, पण उस्तादांचं नाव काढलं की बोलणं खुंटतं. फवारणीच्या वेळी तर ह्यांनी पाहुण्यांना स्वतः उचलून सुरक्षित बाहेर ठेवलं आणि परत आत आणलं. ग्लासातलं झुरळ टोस्टरमधून निघालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी कपाट उपसून झाल्यावर हे बराच वेळ फळीपुढे उभे राहिले, मग सगळी यंत्रं दोन फेऱ्यांत दुकानात नेली. आता उजाडायच्या आत दुकानात जाऊन बसतात, गल्लीचा आवाज सुरू व्हायच्या आधी ऐकायला. थंडीत. तेवढं ह्यांच्या पेनातून उतरलं नाही, म्हणून मी लिहिलं. कपाटाचं दार सुतार बोलावून नीट करून घेईन, काळजी नसावी. पोरीला जपा.

ता. क. दुसरा. वरचं अक्षर कोणाचं ते आपण ओळखलं असेलच. डिंक घेऊन आलो तर पत्र पसरलेलं आणि ही भाजी निवडत बसलेली. खोडणार होतो, पण ती खोटं बोलत नाही ही अडचण आहे. फक्त तिला सगळं माहीत नाही. आता हे मी एकट्या आपल्याला सांगतो आहे, विहीणबाईंनाही नाही.

यंत्रं दुकानात नेल्यावर मी ती उघडायला घेतली. टोस्टर उघडला, त्याच्या तळाशी चुऱ्याबरोबर अर्धं बिस्कीट. आता टोस्टरमध्ये काहीही पडू शकतं. मग रेडिओ उघडला, त्याच्या मागच्या झरोक्यातून आत सारलेलं अर्धं बिस्कीट. घड्याळात अर्धं. बेकरीवाल्याच्या मिक्सरच्या खालच्या जाळीत अर्धं, दुधात भिजवून मऊ केलेलं, कारण त्याचा घसाही बसला होता. आणि त्या प्रत्येकाभोवती झुरळांची अंडी, पिल्लं, घाण, सगळा आपला धडा. मास्तर, सगळीकडे अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कुठे जायचं, आणि त्या झरोक्यांतून फिरून आलेली बोटं कुठे जायची, ते विज्ञानाच्या मास्तरांना मी सांगायला नको.

ती त्यांना औषध देत होती. आजाऱ्याशी कसं वागायचं ते तिला मीच शिकवलं होतं. फक्त डॉक्टर आजाऱ्याला हात लावल्यावर हात धुतो, एवढं शिकवायचं राहिलं. ते मी शिकवीन. दुकानात साबण आणून ठेवला आहे, आणि तिच्या उंचीला पुरेल असं एक खोकं.

तेव्हा वरची पानं मी हे सगळं माहीत असताना लिहिली आहेत. राग खरा आहे, त्याबद्दल शंका नको. तो कोणावर काढायचा ते सुचलं नाही म्हणून कपाटावर काढला. आता आपल्याकडे एकच मागणं आहे. ती विचारणारी पोर आहे, कधीतरी विचारणारच की आजोबा, मी आजारी का पडले. तिला बिस्किटांचं कळता कामा नये. कळलं तर ती पुन्हा कोणाला अर्धं देणार नाही. म्हणून हे पत्र फाडू नका. हे दोन्ही ताजे कलम तेवढे काढून घ्या आणि वरचा कपाटाचा भाग तिला मोठ्याने वाचून दाखवा, वर्गात वाचायचात तसा. सगळा दोष त्या कपाटाचा, आणि ते ज्यांच्या घरातून आलं त्यांचा. कपाट लाकडाचं आहे, त्याला काही वाटणार नाही. आपल्याला वाटेल. तेवढं सोसा.